भर दुपारी निळा पडणारा आरसा: गाडीतल्या ऑटो-डिमिंग आरशाचे सेन्सर कसे ओळखाल, कसे तपासाल

मागच्या वर्षी मी जुनी गाडी घेतली. जुनी असली तरी वरच्या व्हेरिएंटची, त्यामुळे आतला आरसा ऑटो-डिमिंगचा. रात्री मागच्या ट्रकने अप्पर मारला की हा आरसा आपोआप काळवंडतो आणि डोळे दिपत नाहीत, एवढंच मला ठाऊक होतं. पहिल्याच आठवड्यात जळगावहून धुळ्याला निघालो, तर एरंडोल येईपर्यंत आरसा निळा तो निळाच. भर दुपारची वेळ, आणि मागचा टँकर असा दिसतोय जसा कुणी गॉगल लावून बघावा. रात्री परत येताना मात्र हाच आरसा शहाण्यासारखा वागला.

गॅरेजमध्ये दाखवला. "आरसा गेला, पूर्ण युनिट बदला," असं उत्तर मिळालं आणि पाच आकडी आकडा ऐकवला. मी जवळजवळ हो म्हणणार होतो. मग पारोळ्याच्या एका जुन्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो. सगळे त्यांना नाना म्हणतात. नानांनी गाडीत न बसताच, बाहेरून समोरच्या काचेवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "आरसा नही बिघडना दादा, त्याना डोया झाकायेल शे."

आरशाच्या बरोबर मागे काचेवर जुन्या मालकाचा फास्टॅग होता. त्यावर अर्धा चढवलेला दुसरा टॅग. शेजारी वणीच्या देवीचा स्टिकर. आरशाच्या पाठीवरचा सेन्सर या तिन्हींच्या आड गेलेला. त्याला वाटत होतं, रात्र आहे.

त्या दिवसापासून ओळखीतल्या चार गाड्यांचे आरसे मी तपासलेत. त्यातला खरा बिघाड एकातच निघाला. म्हणून हे सगळं क्रमाने लिहून ठेवतोय.

१. आधी आरसा कोणता आहे ते बघा

आरशाच्या खालच्या कडेला बोटाने पुढे-मागे करायची छोटी खिट्टी असेल, तर तो साधा दिवस-रात्रीचा आरसा. त्यात सेन्सर नसतो. त्याची काच पाचरीसारखी असते, एका कडेला जाड, दुसरीला पातळ. खिट्टी ओढली की चांदीचा मागचा थर छताकडे वळतो आणि तुम्हाला दिसतं ते फक्त काचेच्या पुढच्या पृष्ठभागावरून येणारं प्रतिबिंब, म्हणजे पडलेल्या प्रकाशाच्या जेमतेम ४ टक्के. साधी, स्वस्त, कधीही न बिघडणारी युक्ती. तुमच्याकडे हा असेल तर हा लेख इथेच सोडलात तरी चालेल.

ऑटो आरशाला खिट्टी नसते. बहुतेकांना खाली एक बटण आणि बारीक हिरवा दिवा असतो. तुमच्याकडच्या बाजूला काचेत किंवा चौकटीत हरभऱ्याच्या डाळीएवढा ठिपका दिसतो, तो मागचा सेन्सर. काही नव्या आरशांत तो काचेच्या आड लपवलेला असतो, शोधूनही दिसत नाही. आरशाच्या पाठीवर, समोरच्या काचेकडे तोंड करून, अजून एक बारीक खिडकी असते. तो समोरचा सेन्सर. तो बघायला गाडीच्या बाहेर उभं राहून काचेतून आत डोकवा.

एक गफलत इथेच होते. आरशाच्या बुडाशी थेट काचेला चिकटलेला काळा डबा दिसतो, तो पावसाचा किंवा हेडलाइटचा सेन्सर. वायपर आपोआप चालतात ते त्याच्यामुळे. त्याचा आरशाच्या काळवंडण्याशी संबंध नाही. तो उचकटू नका.

२. दोन डोळ्यांचा हिशोब समजून घ्या

हा भाग जरा लांब आहे, पण इथे पाच मिनिटं घातलीत तर पुढचं सगळं आपसूक कळेल.

आरसा दोनच प्रश्न विचारतो. बाहेर अंधार आहे का? आणि मागून उजेड येतोय का? पहिल्याचं उत्तर समोरचा सेन्सर देतो, दुसऱ्याचं मागचा. दोन्हींचं उत्तर "हो" असेल तरच आरसा काळा होतो. मागून कितीही उजेड येवो, समोरचा डोळा "दिवस आहे" म्हणाला की आरसा स्वच्छच राहणार.

उजेड मोजायचं काम पूर्वी कॅडमियम सल्फाइडचा तुकडा करायचा. त्यावर उजेड पडला की त्याचा विद्युतरोध कमी होतो, अंधारात वाढतो. अंगणातला दिवा तिन्हीसांजेला आपोआप लावणाऱ्या स्वस्त डे-नाईट स्विचमध्ये हाच नागमोडी रेघांचा तुकडा असतो. तो जरा आळशी असतो, आणि कॅडमियम विषारी. आता बहुतेक ठिकाणी सिलिकॉनचा फोटोडायोड किंवा त्याचा भाऊ फोटोट्रान्झिस्टर असतो. प्रकाश पडला की सिलिकॉनमधले इलेक्ट्रॉन मोकळे होतात आणि अगदी किंचित प्रवाह वाहू लागतो. उजेड दुप्पट, तर प्रवाहही दुप्पट. आरशातली चिप दोन्ही प्रवाह मोजून तुलना करते.

ऐकायला सोपं वाटतं, पण यात दोन अडचणी आहेत.

पहिली, पल्ल्याची. आपल्याकडच्या मे महिन्यातल्या दुपारी उघड्यावर एक लाख लक्सच्या (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) आसपास उजेड असतो. पौर्णिमेच्या रात्री शेतात असतो साधारण पाव लक्स. म्हणजे चार लाख पटींचा फरक, आणि दोन्ही टोकांना त्याच मसुराएवढ्या तुकड्याने नीट मोजायचं.

दुसरी अडचण जास्त गमतीची. सिलिकॉनला आपल्यासारखं दिसत नाही. माणसाच्या डोळ्याला दिवसा हिरवट पिवळा, म्हणजे ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा प्रकाश सर्वांत तेज वाटतो. सिलिकॉनची सर्वाधिक संवेदना ९०० नॅनोमीटरच्या आसपास, अवरक्त पट्ट्यात, जिथे आपल्याला काहीच दिसत नाही. जुन्या हॅलोजन हेडलाइटमधून भरपूर अवरक्त बाहेर पडतं, पांढऱ्या एलईडीतून जवळजवळ नाहीच. म्हणजे नुसतं उघडं सिलिकॉन लावलं, तर ट्रकचा पिवळा हॅलोजन त्याला प्रखर वाटेल आणि डोळ्यात सुई टोचावी तशी एलईडी मंद वाटेल. म्हणून सेन्सरवर अवरक्त अडवणारी गाळणी बसवतात, म्हणजे त्याला साधारण आपल्याला दिसतं तेवढंच दिसतं. एलईडीसमोर आळशीपणा करणारे आणि हॅलोजनला लगेच ओळखणारे काही स्वस्तातले आरसे मी पाहिलेत. तिथे ही गाळणी नीट नसावी, असा माझा अंदाज.

समोरचा सेन्सर शिवाय सावकाश निर्णय घेतो. तो क्षणाचा उजेड धरत नाही, काही वेळाची सरासरी काढतो. तसं नसतं तर रस्त्यावरच्या प्रत्येक खांबाखाली आरसा उघडझाप करत बसला असता. त्यामुळे अंधाऱ्या हायवेवरून अजिंठा चौफुलीच्या झगमगाटात शिरलात की आरसा लगेच बदलत नाही. तो बिघाड नाही.

काळं होण्याचं काम जेल करतं. दोन काचा, दोन्हींच्या आतल्या बाजूला वीज वाहून नेणारा थर, आणि मधल्या केसाएवढ्या फटीत रसायन. सव्वा व्होल्टच्या आसपास दाब दिला की रसायनाचा रंग गडद निळा-हिरवा होतो आणि परावर्तन ८० टक्क्यांवरून सुमारे १० टक्क्यांवर येतं. दाब कमी ठेवला तर अर्धवटच गडद होतो, म्हणजे मधल्या छटाही मिळतात. दाब काढला की रंग आपोआप उतरतो. मिशिगनमधल्या जेंटेक्स कंपनीने १९८२ मध्ये आधी मोटरने वळणारा आरसा काढला आणि १९८७ मध्ये हा जेलचा. आज जगभरात चालतो तो मुख्यतः जेलचाच.

रंग चढा-उतरायला काही सेकंद लागतात. चाळीसगावहून कन्नड घाट चढताना मागच्या गाडीचे दिवे वळणावळणाला येतात-जातात, तेव्हा आरसा मागे पडल्यासारखा वाटतो. घाटात मी त्याच्यावर विसंबत नाही.

३. काय काय जवळ हवं

तपासणीसाठी: मोबाइलचा टॉर्च, काळी इन्सुलेशन टेप, मऊ मायक्रोफायबरचं फडकं. बस.

वायरी तपासायच्या असतील तर: मल्टिमीटर, प्लॅस्टिकची उचकटपट्टी (लोखंडी पेचकसने ट्रिमवर चरे पडतात) आणि गाडीची माहिती पुस्तिका.

कागद: वॉरंटी शिल्लक असेल तर खरेदीचं बिल आणि सर्व्हिसच्या नोंदी. टॅग बदलायचा असेल तर आरसी आणि टॅगला जोडलेला मोबाइल नंबर. जुनी गाडी घेतली असेल तर हा नंबर अजून जुन्या मालकाचाच नाही ना, ते आधी बघा. माझं दोन दिवसांचं काम तिथेच अडकलं होतं.

४. तपासणी: गाडी सावलीत, इग्निशन चालू

इंजिन चालू करायची गरज नाही, पण इग्निशन चालू हवं. गिअर न्यूट्रलमध्ये ठेवा आणि हँडब्रेक ओढा. रिव्हर्स पडलेला असेल तर आरसा मुद्दाम स्वच्छ राहतो, आणि लोक इथेच फसतात.

हिरवा दिवा लागलाय का ते बघा. नसेल तर बटण दाबा. हसू नका, एका नातेवाइकाच्या आरशाचा "बिघाड" एवढाच होता. काच पुसताना बटण बंद झालं होतं.

आता आरशाच्या पाठीवरच्या खिडकीवर काळ्या टेपचा दुहेरी तुकडा लावा. आरशाला रात्र झाली. मग मोबाइलचा टॉर्च हातभर अंतरावरून मागच्या ठिपक्यावर धरा आणि आरशात मागच्या सीटकडे बघत राहा. आधी सीटचा पांढरा कव्हर किंचित मळल्यासारखा वाटेल. मग शाईचा थेंब पाण्यात पसरावा तसा निळसर रंग चढत जाईल आणि पाच-सात सेकंदांत मागची सीट संध्याकाळ झाल्यासारखी दिसेल. रंग सगळीकडे सारखा चढतोय का ते नीट बघा. कडेला फिकट पट्टा किंवा मध्ये बुडबुडा दिसला तर दोष जेलमध्ये आहे.

टॉर्च तसाच धरून टेप काढा. आरसा स्वच्छ व्हायला हवा. घाई करू नका, सरासरीची गोष्ट आठवा आणि मिनिटभर द्या. मग पुन्हा टेप लावून आरसा गडद करा आणि ब्रेक दाबून रिव्हर्स गिअर टाका. आरसा उजळला तर रिव्हर्सची वायरही ठीक आहे.

या सगळ्यात पास झाला, तर आरसा आणि दोन्ही सेन्सर धडधाकट आहेत. त्रास बाहेरचा आहे.

५. लक्षणावरून दोष शोधा

*दिवसा निळा, रात्री बरोबर.* समोरचा डोळा झाकलेला. माझीच गोष्ट. फास्टॅग, स्टिकर, काचेच्या वर लावलेली गडद सनस्ट्रिप, नाहीतर आरशाला मागून अडकवलेली माळ. टांगलेलं लिंबू-मिरचीसुद्धा डोळा झाकायला पुरतं.

*रात्री काळाच होत नाही.* दोन शक्यता. एक, मागच्या सेन्सरपर्यंत उजेड पोचत नाही: मागच्या काचेवर गडद फिल्म, पडदा, किंवा धुळीचा थर. फिल्मचं म्हणाल तर मोटार वाहन नियमांतल्या नियम १०० प्रमाणे समोरच्या आणि मागच्या काचेतून किमान ७० टक्के आणि बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आत आला पाहिजे, आणि काळ्या फिल्मवर २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही बडगा उगारला होता. दोन, आणि ही सहसा सुचत नाही: समोरच्या डोळ्यावर उजेड पडतोय. आरशामागे डॅशकॅम बसवला असेल आणि त्याची स्क्रीन किंवा निळा दिवा काचेवरून परावर्तित होऊन सेन्सरवर येत असेल, तर आरशाला अख्खी रात्र दिवसच वाटतो. डॅशकॅमची स्क्रीन बंद होण्याची सेटिंग चालू करा, झालं.

भरिताच्या वांग्यांच्या गोण्या मागच्या काचेपर्यंत रचल्या असतील तरीही आरसा काळा होणार नाही. पण मग मागचं काहीच दिसत नसतं, तेव्हा तक्रार आरशाची करू नये.

*मावळत्या सूर्याला दाद देत नाही.* आपल्याकडे ही तक्रार हमखास ऐकू येते, कारण सुरत-नागपूर रस्ता खानदेशात साधारण पश्चिमेकडून पूर्वेकडे जातो. संध्याकाळी धुळ्याहून जळगावकडे निघालात की सूर्य नेमका मागच्या काचेत बसतो आणि आरशातून डोळ्यात जाळ होतो. आरसा ढिम्म. त्याचं बरोबर आहे. समोर अजून लख्ख उजेड आहे आणि पहिल्या प्रश्नाचं उत्तर "नाही" आलंय. अशा वेळी आरसा हाताने किंचित वर करा आणि बाजूच्या आरशांवर चालवा. यासाठी पैसे खर्च करू नका.

*आतला काळा होतो, बाहेरचे नाही.* बहुतेक गाड्यांत बाहेरचे आरसे साधेच असतात. महाग गाड्यांत ड्रायव्हरच्या बाजूचा जेलचा असतो, पण त्यालाही स्वतःचा सेन्सर नसतो. आतल्या आरशाचा हुकूम त्याला वायरीतून मिळतो. सावदा-रावेरहून केळीचे ट्रक रात्री रांगेने निघतात, तेव्हा बाहेरच्या साध्या आरशातून येणारी चकाकी टाळायला तो आरसा जरा बाहेर वळवून ठेवणं एवढंच हातात आहे.

*कधीच काहीच होत नाही, हिरवा दिवाही नाही.* फ्यूज बघा, मग प्लग ढिला आहे का ते. आरसा वळवताना मागची वायर ओढली जाते.

६. टॅग हलवायचा असेल तर आधी हे वाचा

नानांनी दाखवल्यावर मी उत्साहाने दोन्ही टॅग नखाने खरवडून काढले. हीच माझी चूक. फास्टॅग काचेवरून काढला की निकामी होतो, तशीच त्याची रचना असते, म्हणजे एका गाडीचा टॅग कुणी दुसऱ्या गाडीला लावू नये. फेब्रुवारी २०२१ पासून टोलनाक्यावरच्या सगळ्याच लेन फास्टॅगच्या झाल्यात. चालू टॅग नसेल तर जास्तीचे पैसे भरावे लागतात, आणि पुढच्याच नाक्यावर मी ते भरले.

म्हणून क्रम असा ठेवा. आधी बँकेकडून बदली टॅग मागवा. तो हातात आला, चालू झाला, की मग जुना काढा. एका गाडीला एकच टॅग चालतो, त्यामुळे जुन्या मालकाचा टॅग आधी त्याच्याकडूनच बंद करून घ्या. नवा टॅग वरच्या मधल्या भागातच लावा, पण आरशाच्या पाठीवरच्या खिडकीसमोरून वीतभर बाजूला, आणि काचेच्या काळ्या ठिपक्यांच्या पट्ट्यावर नको. लावण्याआधी एकाला आत बसवा, दुसऱ्याने बाहेरून टॅग धरून बघावा. चिकटवल्यावर पश्चात्तापाला जागा नाही.

७. साध्या गाडीला ऑटो आरसा बसवताना

मिळतो, बसतोही. फक्त आरसा अडकवायची काचेवरची बेचकी तुमच्या गाडीला जुळते का ते बिल करण्याआधी बघा.

वायरी मोजक्याच. इग्निशनवर चालू होणारे १२ व्होल्ट, अर्थ, आणि रिव्हर्स दिव्याचा सिग्नल. बसवणारा हमखास तिसरी टाळतो, कारण ती डिकीपासून ओढत आणावी लागते. "तिचं काय काम नाही दादा," म्हणतो. काम आहे. रात्री गल्लीतून रिव्हर्स घेताना मागे कुणाची मोटरसायकल दिवा लावून उभी असली, की नेमका तेव्हाच आरसा काळा होतो आणि तिच्या शेजारी उभं पोर दिसत नाही. ही वायर जोडून घ्याच.

कायम चालू राहणाऱ्या फ्यूजवरून वीज घेऊ देऊ नका. इग्निशनवरच्या फ्यूजला टॅप लावा, कंपनीची वायर कापायला लावू नका, वॉरंटीचा वाद होतो. काचेशेजारच्या खांबातून वायर नेताना आत पडद्याची एअरबॅग असेल, तर वायर तिच्या पाठीमागून गेली पाहिजे, पुढून नाही. आणि "चेक करतो" म्हणून कुणी जेलच्या दोन तारांना बॅटरी लावत असेल तर त्याचा हात धरा. सव्वा व्होल्टच्या वस्तूला १२ व्होल्ट म्हणजे तिथेच संपलं.

८. धूळ, उन्हाळा आणि गळती

भुसावळच्या मे महिन्यात काच बंद ठेवून उभी केलेली गाडी आतून भट्टी होते. चांगला आरसा ते सोसतो, पण जुना झालेला, कडेची सील थकलेला आरसा गळायला लागतो. खालच्या कडेला तपकिरी चिकट ओघळ दिसला तर बोट लावून बघू नका. ते द्रव त्वचेला आणि डोळ्यांना झोंबतं, डॅशबोर्डचं प्लॅस्टिकही खातं. हातमोजे घाला, ओल्या फडक्याने टिपा, हाताला लागलंच तर भरपूर पाण्याने धुवा. या आरशाला दुरुस्ती नाही. इथे मात्र बदलाच.

काच पुसताना क्लीनर आरशावर फवारू नका, फडक्यावर घ्या. फवारा कडेतून आत झिरपतो. दोन्ही ठिपके कोरड्या फडक्याने पुसा, आणि कापसाच्या हंगामात मागची काच आठवड्यातून एकदा आतून-बाहेरून.

माझे जुने टॅग गेले. देवीचा स्टिकर मात्र नानांनी हेअर ड्रायरने काच तापवून अखंड उतरवून दिला आणि डॅशबोर्डवर, स्टिअरिंगच्या डाव्या हाताला लावला. पैसे घेतले नाहीत, चहा घेतला.